मारुतीच्या चौथऱ्यापाशी येणारे मासे

मारुतीवाडी, पो. युसूफ वडगाव, ता. केज
१८ नोव्हेंबर २०२४

॥ श्रीराम ॥

चि. बंकट यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पार्सल शनिवारी मिळालं. आत निघालं ते असं: नारळ सहा, त्यातला एक तडकलेला, त्याची लगेच चटणी केली. आमसुलं अर्धा किलो. फणसपोळीचे दोन पुडे. मोहिनीनं दिलेली जांभळ्या काठाची साडी. आणि एक लांब काळी पिशवी. पार्सलवर तिकिटं चारशे दहा रुपयांची. लांब पिशवी सायकलवर बसत नाही म्हणून पोस्टमननं आणली नाही, मलाच युसूफ वडगावला जावं लागलं, ॲपेरिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस. बाजारात नारळ पस्तीसला मिळतो, बंकट. पुढच्या वेळी नुसती आमसुलं पाठव.

आता त्या पिशवीचं. पोस्टात उघडून बघितली तर तीन जोडांची काठी, तिला बारक्या कड्या आणि खाली चरखीसारखं फिरतं यंत्र. तुझे दाजी सोबत होते. म्हणाले, "टीव्हीची अँटेना हाय ही. बंकटला सांग, गावात डिश येऊन धा वर्सं झाली." पोस्टमास्तर हसला. "अर्जुनराव, अँटेना न्हाई, मासे धरायचा गळ हाय. तुमी दोघं माळकरी, आन् हे कावून मागवलं?" चार माणसं हसली. मी पदर तोंडाला लावून बाहेर आले.

आमच्या घरात ही वस्तू कशाला? भाऊबीजेला तू आलास, माझ्यासोबत धरणावर आलास, मासे कसे येतात ते डोळ्यांनी पाहिलंस. २०२१ साली खडकावरून लाटेनं तुला ओढून नेलं, एकोणीस दिवस रत्नागिरीच्या दवाखान्यात नळ्या लावून पडला होतास, तेव्हा मी मारुतीला बोलले होते: याचा श्वास परत दे, सव्वा लाख रामनाम तुझ्या पायाशी माशांच्या मुखात घालीन. रोज चिठ्ठीवर नाव लिहिते, कणकेच्या गोळीत घालते, धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या मारुतीच्या चौथऱ्यावर बसून सोडते. हे सगळं तुझ्यासाठी चाललंय, आणि तू माझ्याच घरी गळ पाठवतोस?

काठी ज्वारीच्या कणगीमागं ठेवली आहे. काय ते सविस्तर लिही. फोनवर सांगू नको, फोनवरचं माझ्या ध्यानात राहत नाही.

तुझी अक्का,
सत्यभामा

---

रत्नागिरी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास बंकटचा नमस्कार. दाजींनाही सांग.

पोस्टात हसू झालं त्याबद्दल माफ कर. खरं सांगतो, काठी तुझ्याकडे लपवायला पाठवली. त्या अपघातानंतर मोहिनीनं घरातले सगळे गळ मच्छीवाल्याला देऊन टाकले आणि म्हणाली, "परत दोरी हातात दिसली तर मी माहेरी." ही नवी रॉड मी बर्फाच्या कारखान्यातल्या बोनसमधून घेतली. इथं ठेवली तर तिला दिसणार. एक जुनी कारखान्यात ठेवलीय, रविवारी तीच घेऊन खाडीवर जातो. खडकावर आता पाऊल ठेवत नाही, सपाट काठ असतो, तू काळजी करू नको. मोहिनीला मात्र कळवू नको.

आणि अक्का, तू समजतेस तसा हा खेळ नाही. मी मासा खात नाही, तुला माहीत आहे. आम्ही धरतो आणि सोडतो. त्याचे नियम आहेत. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताला त्याची बुळबुळ निघून येते आणि मग त्याला रोग धरतो. दगडावर ठेवायचा नाही. कल्ल्यात बोट घालायचं नाही. आकडीनं टांगून वजन करायचं नाही, आतडी तुटतात. सोडताना दोन्ही हातांवर सरळ धरून पाण्यात मागंपुढं हलवायचा आणि त्यानं स्वतः शेपूट मारली तरच हात काढायचा. कुशीवर पडला तर समजायचं की तो जगत नाही. एवढी माया दवाखान्यात नर्ससुद्धा करत नाही.

खाऱ्या पाण्याचं मला बरंच कळायला लागलंय. भरती सुरू होऊन दोन तास झाले की जिताडा खाडीत शिरतो, तेव्हाच गळ टाकायचा, ओहोटीला बसणारा नुसते डास मारतो. मासा लागला की ओढाओढी करायची नाही, त्याला पळू द्यायचं, चरखी जरा सैल ठेवायची, दमला की आपोआप येतो. घाई करणाऱ्याच्या हातात तुटलेली दोरी राहते.

पण गोड्या पाण्याचं मला काहीच ठाऊक नाही. समुद्रातला मासा जिवंत कोळंबीवर झेप घेतो. तुझे मासे नुसत्या पिठाला, घंटीच्या आवाजाला कसे येतात? ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सगळं बयाजवार लिही. शिकायची हौस आहे, दुसरं काही नाही. तुझ्या माशांना मी गळ लावणार नाही, आईची शपथ.

तुझा,
बंकट

---

मारुतीवाडी
१५ डिसेंबर २०२४

॥ श्रीराम ॥

चि. बंकट यास आशीर्वाद.

आईची शपथ घेतलीस, माझं मन निवांत झालं. मोहिनीला मी काही बोलणार नाही, पण बायकोपासून लपवून ठेवावी लागते ती वस्तू चांगली नाही, एवढं म्हणून ठेवते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. माझ्याकडून कुणी काही शिकावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळं लांबलं तर हसू नको.

कणीक दोन वाट्या, ज्वारीचं पीठ एक वाटी. नुसती कणीक पाण्यात विरघळते, ज्वारीनं गोळी धरून राहते. गुळाच्या पाण्यात मळायची, वरून शेंगतेलाचं बोट. बारक्यांना हरभऱ्याएवढी, मोठ्यांना बोराएवढी. चिठ्ठीला पतंगाचा पांढरा ताव घेते आणि शिसपेनानं लिहिते, शाई त्यांच्या पोटात जायला नको. एका तावात दोनशे सोळा चिठ्ठ्या निघतात, दोन दिवसांची सोय होते.

वेळ दिवस उगवल्यापासून वारा सुटेपर्यंत. आभाळ भरून उकडत असलं की मासे वर येत नाहीत, जबरदस्ती करायची नाही, उद्या यायचं. चौथऱ्यावर उभं राहायचं नाही, बसायचं, आपली सावली पाण्यावर पडली की ते बुजतात. पाय आपटायचा नाही. आधी मूठभर नुसती कणीक टाकायची, बारके गोळा होतात. मग आईची देवघरातली घंटी तीन वेळा वाजवायची आणि गप बसायचं. मी आपली म्हणते, "या गं बायांनो, या." मग मोठे येतात. चौथऱ्यापासून वीस पावलांवर जुन्या गावची विहीर बुडालेली आहे, तिथं पाणी खोल आणि गार, ते तिथंच राहतात.

सगळ्यात शेवटी पाटलीण येते. भाऊबीजेला तू बघितलीस तीच, कटला. आपल्या जुन्या गावातली पाटलीणबाई सगळ्या बाया जमल्या की मगच ओट्यावर यायची, तशी ही. शेपटीच्या वरच्या पात्याला खाच आहे. खालचा ओठ वर आलेला, गोळी हातातून घेते, बोटाला नुसता ओला स्पर्श होतो. तीन वर्षं लागली तिला हातापर्यंत यायला. पहिल्या वर्षी लांब, दुसऱ्या वर्षी पायरीपाशी, तिसऱ्या वर्षी हातात.

मासा खातो तेवढंच नाव मी वहीत धरते. जे बुडालं ते मोजत नाही. आजपर्यंत एक लाख चौदा हजार एकशे सोळा झाले. देवाच्या मनात असलं तर पाडव्याच्या आत फिटेल.

भोई लोक सगळ्या धरणात जाळी टाकतात, पण या कोपऱ्यात टाकत नाहीत. मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

घंटी रोज घरी आणत नाही, चौथऱ्याच्या मागच्या कोनाड्यात डब्यात ठेवते, चिठ्ठ्याही तिथंच. धुळाजीची मेंढरं काठालाच असतात, त्याचं लक्ष असतं.

तुझी अक्का

---

रत्नागिरी
८ जानेवारी २०२५

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. अक्का, मोठमोठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना जे कळत नाही ते तुला कळतं. सावलीचं मी कुठंच वाचलं नव्हतं.

मागच्या रविवारी खाडीवर जिताडा लागला होता, आठ-नऊ किलोचा असावा. मी चरखी आवळली, घाई केली. दोरी तुटली. माझेच नियम मलाच पाळता येत नाहीत. सोबत पुण्याचे दोघं होते, गळवाल्यांच्या क्लबातले. त्यातले मोहनराव मोठे माणूस, दोन कारखाने आहेत, पण काठावर आपल्यासारखेच मांडी घालून बसतात, मला "बंकटराव" म्हणतात. बारा वर्षं बर्फ फोडतोय, अक्का, मला राव कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या क्लबात दर वर्षी गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा धरणाऱ्याला ढाल बक्षीस असते. महाराष्ट्रातली धरणं पालथी घातली म्हणाले, चार किलोच्या वर कटला लागला नाही. मी ऐकून घेतलं. पाटलीण पंधराच्या खाली नसावी असं मनात आलं, पण बोललो नाही.

महाशिवरात्रीला दर वर्षीप्रमाणे परळीला जाणार ना? कधी निघता? मग त्या दिवसांत माशांना कोण घालतं? उपाशी राहतात का? सहज विचारतो.

दाजींचे गुडघे कसे आहेत?

बंकट

---

मारुतीवाडी
२ फेब्रुवारी २०२५

॥ श्रीराम ॥

चि. बंकट यास आशीर्वाद.

ज्यांना तू मोठे म्हणतोस ते मोठे असतीलही, पण तुला राव म्हणायला गळ कशाला लागतो? मी तुला आजपासून बंकटराव म्हणते. बास?

परळीला आम्ही पंचवीसला दुपारच्या एसटीनं निघणार, शिवरात्रीचं वैजनाथाचं दर्शन घेऊन सत्तावीसला संध्याकाळी परत. पंचवीसला सकाळी घालून जाईन, पुढचे दोन दिवस खंड पडतो. मी परत आले की ते एवढे भुकेले असतात की घंटी वाजवायच्या आधीच पाणी हलायला लागतं. त्या दिवशी पाटलीणसुद्धा मागं थांबत नाही.

यंदा तूही ये की परळीला. मोहिनीला घेऊन ये. वाडीला पोचलास आणि आम्ही घरी नसलो तर किल्ली नेहमीच्या जागी, तुळशीच्या कट्ट्याखाली.

दाजींचे गुडघे तसेच. तेलाला महिन्याला दीडशे लागतात, गुण काही नाही.

तुझी अक्का

---

रत्नागिरी
३ मार्च २०२५

ती. अक्कास नमस्कार.

शिवरात्रीला येणं जमलं नाही. कारखान्यात कंप्रेसर बिघडला, रजा मिळाली नाही. दर्शन नीट झालं असेल. प्रसाद पाठवू नको, पोस्टात खराब होतो. रॉड तुझ्याकडेच असू दे, घाई नाही.

घाईत लिहितोय.

बंकट

---

मारुतीवाडी
१२ मार्च २०२५

॥ श्रीराम ॥

बंकट,

तुझं तीन तारखेचं पत्र आलं. कंप्रेसर दुरुस्त झाला का?

मी सत्तावीसला संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे कणीक मळून चौथऱ्यावर गेले. मूठ टाकली, घंटी वाजवली, हाक मारली. पाणी हललं नाही. मला वाटलं आभाळ असेल. आभाळ नव्हतं. दोन तास बसले. बारके चार आले आणि गोळीपाशी येऊन मागं फिरले. मोठा एक आला नाही. तेव्हापासून आज तेरावा दिवस. रोज एकशे आठ गोळ्या करते, रोज बुडतात. वहीत एक लाख एकवीस हजार आठशे ब्याण्णववर आकडा थांबलाय.

पहिले दिवस मी माझाच दोष काढत होते. परळीत काही चुकलं असेल, विटाळ झाला असेल. तुझे दाजी म्हणाले, "जनावर हाय, रुसलं आसंल दोन दिस उपाशी ठिवलं म्हणून." मी माशांची माफी मागितली, बंकट. काठावर बसून हात जोडले.

आठव्या दिवशी दळणाला ज्वारी काढायला गेले आणि कणगीमागची पिशवी हाताला लागली. मी ती काठी भिंतीला टेकून उभी ठेवली होती, आता आडवी होती. पिशवीचं तोंड उघडलं. कापडाला आतून एक खवला चिकटलेला. बंद्या रुपयाहून मोठा, वाळलेला. आमच्या घरात. वर देव, खाली खवला.

किल्ली तुळशीच्या कट्ट्याखालीच होती. मीच तुला लिहिलं होतं.

मग कोनाड्यातला डबा मोजला. पंचवीसला जाताना नव्या तावाच्या दोनशे सोळा चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. माझ्या हातून रोज एकशे आठ जातात, म्हणून मी उरलेल्या कधी मोजल्या नव्हत्या, नव्या करत गेले आणि वर टाकत गेले. आता खालच्या, जाण्याआधीच्या जुड्या उलगडून मोजल्या. सत्तावीस कमी.

धुळाजीला विचारलं. तो मेंढरं सोडून माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि खाली बघायला लागला.

"अक्का, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"काय ठावं नाही?"

"शिवरात्रीच्या सकाळी तुमचे भाऊ आलते. संगं दोन सायेब, पांढरी गाडी. म्या इचारलं तर म्हणले, अक्कानंच पाठवलंय, मासे उपाशी हायेत, घालून या म्हणून. म्या म्हणलं, बरं झालं. घंटी कुठं हाय ते मी दावलं, अक्का. ह्या हातानं काढून दिली."

"मग?"

"मग तुमच्यावानीच बसले. खाली, सावली पडू न देता. तुमच्यावानीच हाक मारली, या गं बायांनो म्हणून. मला तर आवाजच तुमचा वाटला. ती थोरली आली ना, त्यांच्या हातापाशी आली, तवा त्यांनी गोळी टाकली अन् दोरी ताणली. पाणी निस्तं उकळल्यावानी झालं. लई येळ चालली वढावढ. मग चौथऱ्यावर घेतली, फोटू काढत व्हते. माझी मेंढरं हिकडं ऊन खात व्हती, म्या पाण्याला घेऊन गेलो. फुडचं मला ठावं न्हाई."

एवढं सांगून तो म्हणाला, "मला वाटलं तुमीच पाठवलंय."

बंकट, त्याला तसंच वाटलं आणि माशांनाही तसंच वाटलं.

पिठात किती ज्वारी घालायची ते मी सांगितलं. वेळ मी सांगितली, विहीर कुठं ते मी सांगितलं, मी कोणत्या दिवशी नसेन तेही मीच कळवलं. चार वर्षं मी त्यांना शिकवत होते की या घंटीला भ्यायचं नाही. तुझ्या गळाला आमिष कणकेचं नव्हतं.

आणि नाव घातलेली गोळी आकड्याला लावलीस. तुझ्या श्वासासाठी लिहिलेलं नाव.

काय ते लिही.

सत्यभामा

---

रत्नागिरी
२२ मार्च २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझ्या पत्रातली एकही गोष्ट खोटी नाही. कंप्रेसर सोडून. तो चांगला आहे.

मोहनरावांना मी स्वतःहून सांगितलं नाही, एवढं तरी ऐक. रात्री जेवताना कटल्याची गोष्ट निघाली, ते म्हणाले, पंधरा किलोचा कटला महाराष्ट्रात उरला नाही, बंकटराव, लोकांच्या थापा असतात. सगळे हसले. मी म्हणालो, मी पाहिलाय. मग माघार कशी घेणार? गळ मीच लावला, त्यांच्या हातात दिला नाही. परक्यापेक्षा मी बरा असं वाटलं. साध्या गोळीनं बारकेच येत होते, म्हणून तुझ्या डब्यातल्या चिठ्ठ्या घेऊन तुझ्यासारख्या गोळ्या केल्या. त्यावर तुझ्या नवसाचं नाव आहे हे त्या क्षणी माझ्या मनातच आलं नाही. आलं असतं तर घेतल्या नसत्या, असं म्हणवत नाही.

पण अक्का, मी तिला मारली नाही. आमचा नियम आहे. आकडा काढला, पाण्यात सोडली, गेली. जिवंत माशाचं पाप कसलं? भोई शेकडो मारतात, त्यांना तू काही म्हणत नाहीस. मासे काही दिवसांनी विसरतात, पुस्तकात लिहिलंय, परत येतील. आणि मी शपथ घेतली तेव्हा खरंच मनात काही नव्हतं.

सोळा किलो चारशे भरली. ढाल मला मिळाली, मोहिनीला दाखवता येत नाही म्हणून कारखान्यात ठेवलीय. फोटो सोबत पाठवतोय. बघ, किती जपून धरलीय. रागावू नको. भाऊबीजेला येतो, तेव्हा तुझ्या पाया पडेन.

तुझा,
बंकट

---

मारुतीवाडी
२ एप्रिल २०२५

॥ श्रीराम ॥

बंकट यास,

पाडवा झाला. गुढी उभारली. नवस फिटला नाही. तीन हजार एकशे आठ नावं उरली आहेत, ती चिठ्ठ्या करून डब्यात ठेवली आहेत. तू घेतलेली सत्तावीस मी धरली नाहीत, ती कुणाच्या खात्यावर जातात ते मारुतीला माहीत.

फोटो मिळाला. दाजींना दाखवला नाही. देवघरासमोर बसून, चष्मा पुसून, नीट बघितला. शेजारी तुझं नोव्हेंबरचं पत्र ठेवलं होतं, ज्यात माशाला कसं धरायचं ते लिहिलंस. एक एक ओळ लावून पाहिली.

हात ओले करायचे. फोटोत तुझ्या शर्टाच्या बाह्या कोरड्या आहेत, हातांना पिठाचे पांढरे डाग तसेच आहेत. दगडावर ठेवायचा नाही. ती चौथऱ्यावर आहे, मारुतीच्या दगडावर, आणि फेब्रुवारीत त्या वेळेला तो दगड तापतो, मी रोज त्यावर बसते. कल्ल्यात बोट घालायचं नाही. तुझं बोट आतच आहे. टांगून वजन करायचं नाही. सोळा किलो चारशे तू कसं भरलंस ते लिहिलं नाहीस, पण मागं एक साहेब काटा हातात घेऊन उभा आहे आणि काट्याला खाली आकडी आहे. शेपटीची खाच स्पष्ट दिसते. तिचं तोंड उघडं आहे. माझ्या हातातून गोळी घेताना उघडायची तसंच.

भोयांचं म्हणालास. भोई पोटासाठी जाळं टाकतात, उघड टाकतात, आणि माझा कोपरा सोडून टाकतात. त्यांनी मला पत्र लिहून विचारलं नव्हतं की मासे कधी भुकेले असतात.

तू मला राव म्हणवून घ्यायची गोष्ट लिहिलीस तेव्हा मी थट्टा केली. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. मी समजून घेतलं की माझा भाऊ एकटा पडलाय, त्याला शिकायची हौस आहे, त्यानं माझं पत्र चार वेळा वाचलं. मला इतकं बरं वाटलं होतं की ते पत्र मी पोथीत ठेवलं होतं. आता काढून वहीत ठेवलंय. फाडलं नाही. कागद माझ्याच्यानं फाडवत नाही.

मी अजून रोज जाते. घंटी वाजवत नाही. तिचा आवाज आता त्यांना काय सांगतो ते मला माहीत आहे. ती धुवून देवघरात आणून ठेवली. नुसती बसते, हातानं पाणी हलवते. परवा चार-पाच मध्यम मासे पंधरा हातांवर दिसले, म्हणजे पहिल्या वर्षी होते तिथं. धुळाजी लांब बसतो, माझ्याकडं बघत नाही. काल म्हणाला, "अक्का, माझी बी चूक हाय." मी म्हटलं, "तुझी नाही रे. तू माझ्या नावावर विश्वास ठेवलास."

भाऊबीजेला पाया पडायला येऊ नको. यायचं असेल तर त्याआधी ये, एकटा, गाडी न घेता, तुझी ती काठी कणगीमागून घेऊन जा. आणि मोहिनीला तू स्वतः सांग. लपवायला माझं घर आता नाही.

एक आणखी. नवस तुझ्या श्वासाचा आहे आणि तो अर्धवट आहे. मला तुझा कितीही राग असला तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही: तो पुरा होईपर्यंत खाडीवर, खडकावर, कुठल्याच पाण्याला जाऊ नको. मी पुरा करीन. मासे पुन्हा हातात यायला तीन वर्षं लागली तर तीन वर्षं.

आता जे विचारायचं तेवढं विचारते. तू लिहिलंस, "पाण्यात सोडली, गेली." कशी गेली ते लिहिलं नाहीस. दोन्ही हातांवर सरळ धरलीस का? मागंपुढं हलवलीस का? तिनं स्वतः शेपूट मारली, की तू हात काढलास आणि ती कुशीवर फिरली? तू तिथं होतास, तुलाच माहीत. मी रोज विहिरीच्या बाजूला बघत बसते, आणि कुणाची वाट बघायची, की बघायची नाही, ते मला कळत नाही.

सोबत पोस्टकार्ड घातलंय, माझा पत्ता लिहून, पन्नास पैशांचं. त्यावर नमस्कार नको, माफी नको. सरळ गेली की कुशीवर, एवढा एकच शब्द लिही आणि उलट टपालानं कळव.

सत्यभामा